बुधवारचं कालवण

दर बुधवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला यिन-जेला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं जाई. चव्वेचाळीस वर्षं हा नेम चालला होता. कोंबडी शिजत आलेली असे, बटाट्यांच्या कडा मऊ पडून रश्शात विरघळू लागलेल्या असत, नारळाचं पहिलं दाट दूध ओतून तिने आच मंद केलेली असे, आणि नेमक्या त्या वेळी घरच्या मालकीणबाई, दोना लिओकादिया, दारात येऊन उभ्या राहत. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

"हं, यिन. हो बाहेर."

यिन-जे ओले हात काळ्या विजारीला पुसत मागच्या गच्चीवर जाई. पाठीमागे दार लागे, आतून कडी पडे. वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभी राहून ती वाट पाही. आत बाई एकदा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणत. पुटपुटत नव्हे, चांगलं खणखणीत, म्हणजे झाकणाचा, चमच्याचा, किसण्याचा आवाज बाहेर जायला नको. मग कडी निघे.

"वाढायला घे."

मकावमधल्या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या घरांत ह्यात जगावेगळं काही नव्हतं. तिथल्या बायका दागिने एक वेळ घालायला देत, पण पदार्थाची कृती देत नसत. आणि कुणी तोंड उघडून मागितलीच, तर नाही म्हणणंही शोभत नसे. मग सुंदर अक्षरात कृती लिहून द्यायची आणि एक जिन्नस गाळायचा. घेणारीला ते ठाऊक असे, कारण तिनेही आयुष्यभर तेच केलेलं असे. दोना लिओकादियांनी एकदा सख्ख्या मावसबहिणीला ह्या कालवणाची कृती दिली होती. एक जिन्नस गाळला तो गाळलाच, वर जायफळ लिहून दिलं. त्यांच्या घरात जायफळ कधी शिरलं नव्हतं. मावसबहीण मरेपर्यंत जायफळ घालत राहिली आणि मरेपर्यंत म्हणत राहिली, "तुझ्यासारखं काही होत नाही ग, लिओकादिया."

सुनेने, झुल्मिराने, लग्नानंतर वर्षभराने विचारून पाहिलं होतं.

"मी गेल्यावर कळेल तुला," बाई म्हणाल्या.

"गेल्यावर कोण सांगणार, आई?"

"ते मी बघीन."

यिन-जेला मात्र दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. बाहेर काढलेल्या माणसालाही नाक असतं, आणि मागाहून भांडी त्यालाच घासायची असतात. दर उन्हाळ्यात बाई तिला शंभर लिंबं आणायला लावत. ती मिठात घालून, उन्हं दाखवून, बरणी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत. चारपाच वर्षांत ती लिंबं शाईसारखी काळी पडत. कशाला म्हणून विचारलं तर म्हणत, पोटदुखीवर. एवढ्या पोटदुख्या त्या घराला सात पिढ्यांत झाल्या नसत्या. बुधवारच्या चमच्याला एक खारट, कडसर, जुनाट वास येई, आणि एकदा पळीच्या दांड्यापाशी तिळाएवढा काळा कण चिकटलेला तिला दिसला. जुन्या खारवलेल्या लिंबाची साल, नखाएवढी, बारीक किसून. त्यानेच नारळाचं गोडपण जाग्यावर येत होतं. नाहीतर तिसऱ्या घासाला जीभ कंटाळते.

ती कुणाला काही बोलली नाही. बुधवारी गच्चीवर जाऊन उभी राहत राहिली.

यिन-जे चीनमधल्या शुन-ताकच्या रेशमाच्या गिरणीत वाढलेली. 'जे' म्हणजे ताई. घरात राहून काम करणाऱ्या बायकांना सगळेच तसं म्हणत. एकोणिसाव्या वर्षी, गावातल्या दहाबारा जणींबरोबर, क्वान-याम देवीसमोर तिने आपले केस आपल्या हाताने विंचरून वर अंबाडा बांधला होता. लग्न करणार नाही, ही त्या अंबाड्याची शपथ. अशा बाईला नवरा नसतो, सासर नसतं, आणि माहेर असलं तरी तिथे मरता येत नाही. भावाच्या छपराखाली तिचा प्राण गेला तर ते घर उठतं, असं मानतात. त्यामुळे ह्या बायका तरुणपणापासून एकाच गोष्टीच्या मागे असत: मरायला जागा. कुणी चारचौघींत मिळून एखादी खोली करत, तिथे आपली खाट आणि भिंतीवर आपल्या नावाची पाटी राखून ठेवत. यिन-जेने तसं काही केलं नाही. कारण बाईंचा मुलगा हर्कुलानो पाच वर्षांचा असताना त्याला घटसर्प झाला, डॉक्टरांनी हात टेकले, आणि तिने सोळा दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवलं नाही. सतराव्या दिवशी पोराने पेज मागितली. त्या दिवशी दोना लिओकादियांनी भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट करून तिला सांगितलं होतं, "तू ह्याच घरात मरशील, यिन. मी आधी गेले तर हर्कुलानो बघेल. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर यिन-जे चाळीस वर्षं निवांत झोपली.

आता ती सहासष्ट वर्षांची होती, बाई शहात्तरच्या, आणि हर्कुलानो पोट सुटलेला, चष्मा कपाळावर ठेवून विसरणारा कारकून. जुन्या घराच्या जागी मालकाला पंधरा मजले चढवायचे होते. नाताळाच्या आत जागा सोडायची होती. हर्कुलानोने तलावाच्या बाजूला नवव्या मजल्यावर एक फ्लॅट घेतला होता. त्याबद्दल यिन-जेसमोर कुणी फारसं बोलत नसे, आणि त्यावरूनच तिला जे कळायचं ते कळलं होतं.

त्याच शरद ऋतूत बुधवार बिघडायला लागले.

पहिल्या बुधवारी हर्कुलानोची मुलगी इव्हेत पहिल्याच घासाला ओरडली, "पप्पा, ह्यात कॉफी आहे!"

"काहीतरीच. जेव."

"खरंच कॉफी आहे. तुम्ही खाऊन बघा."

हर्कुलानोने खाऊन पाहिलं आणि पाण्याचा पेला उचलला.

दुसऱ्या बुधवारी त्यात मूठभर साखर होती. तिसऱ्या बुधवारी व्हिनेगर पडलं होतं. नारळाचं दूध फाटून कोंबडीभोवती गुठळ्या जमल्या होत्या. झुल्मिराने एक गुठळी काट्यावर उचलून दिव्याकडे धरली आणि परत ताटाच्या कडेला ठेवली. बोलली काही नाही. बोलल्या त्या दोना लिओकादिया. ताट पुढे सारून म्हणाल्या, "यिनचा हात गेला."

त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. यिन-जे गच्चीवरून आत येई तेव्हा ओट्यावर कॉफीचा डबा उघडा असे, आणि बाजूला रुमाल पडलेला असे, रिकामा. बाई कुलूप उघडायला विसरत होत्या, बरणी विसरत होत्या, फक्त सहा वाजता स्वयंपाकघरात जाऊन यिनला बाहेर काढायचं असतं एवढं त्यांना आठवत होतं. आत उभं राहिल्यावर हाताला लागेल ते त्या घालत होत्या. यिन-जे कॉफीचा डबा बंद करी, रुमालाची घडी घाली, आणि वाढायला घेई.

रविवारी चर्चमधून आल्यावर हर्कुलानो स्वयंपाकघरात आला. कोट अजून अंगात होता.

"यिन-जे, बस जरा."

"उभी बरी आहे."

"नवी जागा लहान आहे ग. दोन खोल्या, आणि एक इव्हेतचं खुराडं. तू बघितलीस तर तूच म्हणशील."

"मला कुठे दाखवलीत?"

हर्कुलानोने चष्मा पुसला. "नन्सच्या वृद्धाश्रमात मी बोलून ठेवलंय. स्वच्छ आहे. खिडकीपाशी खाट देतो म्हणाल्या."

"एका खोलीत किती खाटा?"

"चाळीसेक असतील."

"आणि मेल्यावर?"

"असं काय बोलतेस!"

"बाईंनी शब्द दिला होता. तुम्ही पेज पीत होता तेव्हा."

"मला माहीत आहे. मी लहानपणापासून ऐकतोय ते." त्याचा आवाज खाली आला. तो वाईट माणूस नव्हता; लहानपणीही एखादी गोष्ट मोडली की तो ती स्वतः आणून दाखवी. "पण यिन-जे, आईला आता काही जात नाही. तिला एक बुधवारच लागतो, आणि तोही... डॉक्टर म्हणतात वयाने जिभेची चव जाते. तुझा दोष नाही. पण झुल्मिराला मी काय सांगू? की जी आता स्वयंपाकही करू शकत नाही, तिच्यासाठी बैठकीची खोली अर्धी करू या?"

यिन-जेने ओट्यावरचं फडकं उचललं, पिळलं, परत ठेवलं.

"आणखी एक बुधवार बघा, छोटे मालक."

"बरं," तो लगेच म्हणाला. "हा बुधवार बघू."

बुधवारी सकाळी लाल मंडईत नारळवाल्याच्या दुकानापुढे तिला फोंग-जे भेटली. तीही अंबाडेवाली, दोन गल्ल्या पलीकडच्या घरी कामाला. यिन-जे नारळ कानाशी हलवून ऐकत होती.

"म्हातारे, ऐकून काय करतेस, गाणं म्हणणार आहे का तो?" नारळवाला म्हणाला. "आण, यंत्रावर किसून देतो."

"तुझ्या यंत्राला कालच्या गिऱ्हाइकाच्या नारळाचा वास येतो. अख्खेच दे, दोन."

वाटेत तिने फोंग-जेला सगळं सांगितलं. फोंग-जे मध्येच थांबली, पिशवी जमिनीवर ठेवली आणि कमरेवर हात घेतले.

"मग सांग की सरळ! म्हातारी डोक्याने गेलीय म्हणावं, माझा हात जिथल्या तिथे आहे."

"सांगितलं तर सून त्यांच्या कमरेच्या किल्ल्या काढून घेईल. स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देणार नाही."

"न ठेवू दे. तुला कसला एवढा पुळका?"

"आणि सांगू तरी कसं? कॉफी घालायची नसते हे मला कुठून माहीत? काय घालतात ते मला ठाऊकच नाही ना."

फोंग-जे रस्त्यात मोठ्याने हसली. "चव्वेचाळीस वर्षं नाटक! तुला ऑपेऱ्यात घ्यायला हवं होतं ग. रडणाऱ्या राणीचं काम दिलं असतं." मग तिचं हसू उतरलं. "ऐक. नन्सच्या तिथे माझी एक ओळखीची गेली. मेली तर तिला ख्रिस्ती करून पुरली. तिचा अंबाडा सोडला त्यांनी, केस कापले, उवा नकोत म्हणून. तुझं तू बघ."

"काय बघू?"

"म्हातारी स्वयंपाकघरात यायच्या आधी तूच ते घालून मोकळी हो."

घरी आल्यावर यिन-जेने खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. पेटीत कपड्यांच्या खाली एक बरणी होती. दर वर्षीच्या शंभर लिंबांतली तीन ती काढून घेत आली होती. चोरी म्हणावी तर चोरीच. का घेतली, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकदाही तिने त्यातलं काही वापरलं नव्हतं. बरणीच्या तळाला सगळ्यात जुनी लिंबं होती, सुकलेल्या आलुबुखाऱ्यासारखी, काळी आणि सुरकुतलेली. तिने एक काढलं.

दुपारी चारला तिने नारळ फोडले. खोवणीवर खोवताना ती पाठीचा तपकिरी भाग येऊ देत नसे, रंग मळतो. कोमट पाणी शिंपडून, फडक्यात घालून तिने पहिलं दूध पिळलं, वाटीभरच, मलईसारखं. ते झाकून ठेवलं. मग त्याच चोथ्याला जास्त पाणी घालून दुसरं दूध काढलं. कांदा लाल न होता नुसता काचेसारखा व्हायला हवा. त्यावर लसूण, हळद, मसाल्याची पूड, मग कोंबडीचे तुकडे. दुसऱ्या दुधात कोंबडी आणि बटाटे शिजू द्यायचे, झाकण तिरकं ठेवून. हे सगळं तिचे हात करत होते. ती स्वतः फळीकडे बघत होती. साडेपाचला तिने कॉफीचा डबा, साखरेचा डबा, व्हिनेगरची बाटली, मिऱ्याची कुपी असं सगळं उचललं आणि तांदळाच्या पिंपात घालून झाकण लावलं. ओट्यावर एक वाटी ठेवली, तिच्यात उरलेलं पातळ दूध, आणि जवळ चमचा. हाताला लागेल ते घालणार असतील तर हे लागू दे.

मग पहिलं दूध कालवणात ओतलं, आच कमी केली, आणि लिंबाची साल किसली. नखाएवढी. एकदा ढवळलं. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो वास दार उघडं असताना उठला.

सहा वाजता बाई दारात आल्या. हातात रुमाल होता.

"हं, यिन. हो बाहेर."

ती गच्चीवर गेली. दार लागलं, कडी पडली. इव्हेतच्या शाळेच्या गणवेशाच्या बाह्या वाऱ्याने तिच्या तोंडावर येत होत्या. आत 'नमो मरिया' सुरू झालं आणि अर्ध्यावर थांबलं.

पुढे काहीच ऐकू येईना. वाटीचा नाही, चमच्याचा नाही. यिन-जेने बाह्या बाजूला करून धरल्या. मग कडी निघाली, नेहमीच्या वेळेच्या बरीच आधी.

दोना लिओकादिया दारात होत्या. डोळे पूर्वीसारखे स्वच्छ आणि टोचणारे.

"ह्यात आहे."

यिन-जेने धरलेल्या बाह्या सोडल्या.

"मी अजून घातलेलं नाही आणि ह्यात आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी हातातला रुमाल उलगडला. आत एक काळं लिंबू होतं. "माझं हे इथे आहे."

ह्या बुधवारी त्या विसरल्या नव्हत्या. किल्ली, कपाट, बरणी, सगळं त्यांना आठवलं होतं.

"केव्हापासून?"

"दुसऱ्या वर्षापासून, बाई."

बाईंनी मनात हिशेब केलेला दिसला. "म्हणजे एवढी वर्षं तू तिथे उभी राहून मला हसत होतीस."

"हसले नाही, बाई."

"मग काय करत होतीस?"

"कपडे वाळत असायचे," ती म्हणाली. "ते बघायची."

बाईंनी लिंबू पुन्हा रुमालात गुंडाळलं. गाठ मारायला त्यांना वेळ लागला. यिन-जेचे हात पुढे झाले, पण बाईंनी पाठ फिरवली.

"वाढायला घे."

जेवणाच्या टेबलावर सगळ्यांनी पहिला घास घेतला. मग हर्कुलानोने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आई!" तो म्हणाला, आणि त्याने ब्रेडचा तुकडा रश्शात बुडवला, आणखी एक बुडवला. इव्हेतने न सांगता भात मागून घेतला. झुल्मिरा खाता खाता नवऱ्याकडे नाही, सासूकडेही नाही, तर भाताचं भांडं घेऊन दारापाशी उभ्या असलेल्या यिन-जेकडे बघत होती.

"आई, हे अगदी तेच झालंय. माझ्या लहानपणचं. यिन-जे, आज हे..." हर्कुलानो वळला. "आज केलं कुणी?"

यिन-जेने बाईंकडे पाहिलं. बाईंच्या एका वाक्याचं काम होतं. सगळं खरं सांगायची गरजही नव्हती. नेहमीसारखं 'यिनने केलं, मी शेवटचा हात लावला' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मी केलं," दोना लिओकादिया म्हणाल्या. "पहिल्यापासून. तिने नारळ तेवढा खोवला."

"सगळं? एकटीने?"

"मला कुणी लागत नाही."

हर्कुलानोच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं यिन-जेला स्वच्छ दिसलं. अवघड गोष्ट आपणहून सुटावी तसं ते झालं. त्याने पुढे होऊन आईचा हात थोपटला, मग यिन-जेकडे बघून मान हलवली, मायेनेच. "शनिवारी सकाळी नन्सकडे नेतो हं तुला. मी रजा घेतलीय."

"बरं, छोटे मालक," यिन-जे म्हणाली आणि भात टेबलावर ठेवला.

जेवणं झाल्यावर ती पातेलं घासत होती तेव्हा झुल्मिरा आत आली. हातात आपलं ताट होतं, जे ती कधी स्वतः उचलत नसे. तिने दार लोटून घेतलं.

"हे त्यांनी केलेलं नाही."

यिन-जे घासत राहिली.

"त्यांना आता अंडं उकडता येत नाही, यिन-जे. परवा नळ सुरू ठेवून झोपल्या. मी काही आंधळी नाही. कॉफीच्या दिवशीच मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत, सूनबाई?"

"का बोलू?" झुल्मिराने ताट पाण्यात ठेवलं. "सतरा वर्षं मी ह्या घरात पाहुण्यासारखी जेवतेय. नवऱ्याला बुधवारी तोंडभर हसताना बघते आणि मंगळवारी माझ्या हातचं खाताना वर्तमानपत्र वाचताना बघते. तुला येतं ना ते? काय घालायचं ते तुला माहीत आहे?"

यिन-जेचा हात थांबला.

"मला शिकव. नव्या जागेत बाल्कनीला काचा लावणार आहोत. कपडे धुण्याचं यंत्र तिथेच ठेवायचंय, पण बाजूला एक खाट बसेल. मी मोजलंय. हर्कुलानोला मी सांगते. मी म्हटलं की तो नाही म्हणत नाही, तुला माहीत आहे." आणि मग थोडं थांबून, "मरेपर्यंत."

बाहेर बैठकीच्या खोलीत बाई इव्हेतला काहीतरी सांगत होत्या, तोच खणखणीत आवाज. यिन-जेने हात पुसले, आपल्या खोलीत गेली, आणि खाटेखालची पेटी ओढली. बरणी आणून तिने ओट्यावर ठेवली.

"साल फक्त. गर नाही. नखाएवढी, किसून. पहिल्या दुधानंतर, अगदी शेवटी."

झुल्मिराने झाकण उघडून वास घेतला. "लिंबू?"

"जुनं. निदान पाच वर्षांचं हवं."

"आणि जायफळ? मावशींनी मला जायफळ सांगितलं होतं."

"जायफळ कधीच नव्हतं."

झुल्मिरा हसायला लागली. ओट्याला टेकून, तोंडावर हात धरून ती बराच वेळ हसली. मग डोळे पुसून तिने बरणी काखेत घेतली आणि निघून गेली.

नाताळाच्या दोन आठवडे आधी ते फ्लॅटमध्ये राहायला गेले. यिन-जेची खाट बाल्कनीत बसली. यंत्र चालू असताना खाटही थरथरत असे, आणि काचांतून खाली तलावाचं पाणी दिसे, शिशासारखं. पण जागा होती. छताखालची, माणसांतली. क्वान-यामचं लहानसं चित्र तिने यंत्राच्या वरच्या भिंतीला चिकटवलं होतं, आणि झुल्मिराने ते राहू दिलं होतं.

तिथल्या पहिल्या बुधवारी सहा वाजता दोना लिओकादिया स्वयंपाकघरापाशी आल्या. हातात रुमाल होता. झुल्मिरा शेगडीपुढे उभी होती; नारळाचं दूध डब्यातलं होतं.

"झालंय सगळं, आई," ती न वळता म्हणाली. "तुम्ही बसा. आणते मी."

बाई काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. पातेल्यावरची वाफ त्यांच्यापर्यंत पोचली असणार, कारण त्यांच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी यिन-जेकडे पाहिलं. यिन-जे तांदूळ धूत होती. तांदूळ तीनदा धुवायचे असतात. तिने ते चौथ्यांदा धुतले, पाचव्यांदा धुतले. तिने मान वर केली तेव्हा बाई गेल्या होत्या.

त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस नुसत्या चहावर राहिल्या. डॉक्टर आले, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि वय झालं म्हणाले. हर्कुलानो बाल्कनीत येऊन खाटेच्या कडेवर बसला. लहानपणी बसायचा तसा, खांदे पाडून.

"तूच काहीतरी कर, यिन-जे. तुझं ऐकेल ती."

यिन-जेने काय करायचं ते केलं. रविवारी सकाळी तिने बाईंना आंघोळ घातली, केस विंचरले, आणि पेज भरवताना सांगितलं की काल बुधवार होता. तुम्ही कालवण केलंत. सगळ्यांनी दोनदा घेतलं. बाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून बाई तिच्याच हातून जेवतात. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. खोलीतून बाहेर यायचं त्यांनी सोडलंय. बुधवारी साडेपाचलाच यिन-जे पेजेचा वाडगा घेऊन खोलीत जाते आणि दार घट्ट लावून घेते. तरी फटीतून वास यायचा तो येतोच.

"आज वार कुठला ग?" बाई विचारतात.

"गुरुवार, बाई."

"म्हणजे काल होता."

"काल होता."

"मी केलं?"

"तुम्हीच केलंत."

"तू बाहेर होतीस?"

"गच्चीवर होते, बाई."

त्यावर बाईंचं समाधान होतं. त्या उशीला टेकतात. मागच्या बुधवारी मात्र त्या पुन्हा उठून बसल्या. मान उंचावून त्यांनी वास घेतला, एकदा, दोनदा.

"कुणाकडे शिजतंय हे?"

"शेजारी, बाई."

बाईंनी आणखी एकदा वास घेतला. कपाळावर आठी पडली. मग त्यांनी यिन-जेचं मनगट धरलं, आणि त्या धरण्यात अजून जोर होता.

"शेजाऱ्यांना कुणी सांगितलं ग, यिन?"

यिन-जेने दुसऱ्या हाताने चमचा भरला, वरची साय फुंकली.

"तोंड उघडा, बाई," ती म्हणाली. "गार होईल."